स्वर सोडताना

पोरी, तू पाठवलेलं गाणं काल रात्री तीनदा ऐकलं. गळा छान लागलाय. ढोलकीवाल्या मुलाचा हात गोड आहे. बेस मात्र संगणकातला आहे हे दुसऱ्या ओळीलाच कळलं. चुकत काहीच नव्हतं, प्रत्येक सूर वेळेवर येत होता. पण आलेला प्रत्येक सूर एकाच पद्धतीनं जात होता. कडव्याच्या शेवटी तू श्वास घेतेस, तिथं बेसनंही हात आवरायला हवा होता. तो आवरत नव्हता.

आता तू खरा बेस वाजवून भरणार म्हणतेस, आणि शनिवारी माझी गिटार न्यायला येणार आहेस. खुशाल ने. त्याआधी हे सगळं एकदा वाचून काढ, म्हणजे शनिवारी बोलण्यात वेळ जाणार नाही आणि वाजवायला मिळेल.

मला बेस शिकवणारे सर मूळचे गोव्यातल्या साष्टीचे, राहायला बांद्र्याला. गोव्याहून मुंबईत येऊन ज्या पिढीनं हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य घातलं, त्या पिढीतले. पहिले दोन महिने त्यांनी मला एकच काम दिलं. सूर छेडायचा, तो कितव्या मात्रेवर बंद करायचा हे आधीच ठरवायचं आणि तिथंच बंद करायचा. छेडण्याबद्दल ते फारसं बोलत नसत. बंद करण्यावरून मात्र मी रोज बोलणी खाल्ली. त्या दोन महिन्यांच्या जोरावर पुढं मी चाळीस वर्षं ऑर्केस्ट्रात आणि स्टुडिओत उभा राहिलो. म्हणून तुलाही तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

गिटार गळ्यात अडकवलीस की आधी डाव्या हाताकडं बघ. बोट उचललं की सूर थांबला, असं नवशिक्याला वाटतं. बोट पूर्ण उचललं तर तार मोकळी होते आणि मोकळी तार पुन्हा बोलते. बारीक बोलते, पण बोलते. खोलीत ते ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये येतं. म्हणून दाब सोडायचा, स्पर्श ठेवायचा. तार फ्रेटवरून सुटावी पण बोटाच्या खालीच राहावी. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर रोवून ठेवू नकोस, तो जाड तारांवर टेकवत जा. तू डी तारेवर वाजवत असशील तेव्हा अंगठा ए तारेवर असावा आणि त्याच्याच कडेनं ई तारही गप्प झालेली असावी. सतारीला तरफा मुद्दाम लावतात, कारण त्यांचं आपोआप झंकारणं हवं असतं. बेसवर जी तार तू वाजवत नाहीस ती तरफच असते, फक्त नको असलेली. चार तारांपैकी तीन गप्प ठेवायच्या आणि एक बोलू द्यायची, हे दोन्ही हातांचं खरं काम.

उघड्या तारेचं आणखी एक. उघडा ए आणि ई तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ए, दोन्ही एकच सूर, ५५ हर्ट्झचा. उघडी तार वाजवायला सोपी आणि थांबवायला अवघड, कारण डावा हात तिथं नसतोच. जिथं सूर नेमका तोडायचा आहे तिथं पाचव्या फ्रेटवरचा घे. जिथं तो पुढच्या समेपर्यंत वाहू द्यायचा आहे तिथं उघडा घे. तुझ्या गाण्यात धृपदाला उघडा आणि कडव्याला दाबलेला घ्यावा असं मला वाटतं, पण ते तू वाजवून ठरव.

छेडायची जागाही आवाज बदलते. मानेजवळ, म्हणजे फ्रेट संपतात तिथं, आवाज गोल आणि मऊ. खाली ब्रिजजवळ तोच सूर कडक होतो, त्याला कड येते. तुमच्या सॉफ्टवेअरमधलं इक्वलायझर हे करू शकतं असं तू म्हणशील. थोडंफार करतं. पण हात चार इंच सरकवल्यावर तारेची कंपनंच वेगळी होतात, आणि नंतर बटण फिरवून ती मागाहून आणता येत नाहीत. रेकॉर्ड करण्याआधी तीन जागी चार-चार मात्रा वाजवून ऐक आणि एक जागा पक्की कर. मग गाणं संपेपर्यंत हात तिथून हलवू नकोस. कडव्यात एका जागी आणि धृपदात दुसऱ्या, असं केलंस की नंतर दोन वेगळी वाद्यं ऐकू येतात.

माझ्या गिटारच्या तारा बघून तू नाक मुरडशील. त्या चपट्या गुंडाळीच्या, फ्लॅटवाउंड आहेत, आणि सात वर्षं बदललेल्या नाहीत. बदलू नकोस. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सन नावाचा बेसवादक होता. साठच्या दशकातली त्या कंपनीची कितीतरी गाणी त्याच्या बेसवर उभी आहेत. त्याच्याकडं १९६२ची फेंडर प्रिसिजन होती. तिच्या जाड फ्लॅटवाउंड तारा तो बदलत नसे. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, तर्जनी. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा असायचा, त्यामुळं सूर लांबत नसे; ठाम बोलायचा आणि बाजूला व्हायचा. आणि तुझ्या कामाची गोष्ट ही, की मोटाउनमध्ये बेस अँप्लिफायरसमोर माइक लावून रेकॉर्ड होत नसे. गिटारची वायर सरळ कन्सोलमध्ये जायची. म्हणजे तू तुझ्या बेडरूममध्ये जे करणार आहेस तेच. थेट वायर लावली की आवाज कोरडा आणि निर्जीव येतो, असं तुझा मित्र म्हणाला ना? त्याला ती गाणी ऐकव.

स्पंज तूही लाव. भांडी घासायचा नवा कोरा स्पंज आण, हिरवा खरखरीत भाग कापून टाक, आणि पिवळ्याची बोटभर पट्टी करून ब्रिजच्या अगदी जवळ तारांखाली सरकव. तारांना नुसती टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये. फार दाबलीस तर सूर चढतो आणि लाकडावर थाप मारल्यासारखं वाजतं. दोन तुकडे वेगळ्या जाडीचे ठेव. हळू गाण्याला पातळ, ठेक्याच्या गाण्याला जाड. लॉस एंजेलिसच्या कॅरल के या बाई बेस पिकनं वाजवायच्या आणि त्याही तारा अशाच दाबून ठेवत, फक्त त्या वरून फेल्टचा तुकडा लावत. ज्यांनी भरपूर रेकॉर्डिंग केलं त्या वादकांना सूर लवकर संपवायची गरज वाटली, यावर विचार कर.

चकचकीत, तारांचा धातू ऐकू येईल असा आवाज हवा असेल तर गोष्ट वेगळी. त्याला गोल गुंडाळीच्या राउंडवाउंड तारा लागतात आणि त्या नव्या लागतात. तशी वेळ आली तर आदल्या दिवशी चढव, ताणून-ताणून स्थिरावू दे आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड कर. त्याच दिवशी चढवलेल्या तारा टेकच्या मध्यावर उतरतात.

पावसाळ्यात मान वाकते, हेही सांगून ठेवतो. लाकूड दमट हवा पितं. जूनमध्ये सुरात असलेली गिटार ऑगस्टमध्ये बाराव्या फ्रेटवर खोटी बोलते. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून येणारा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबून येणारा सूर ट्यूनरवर एकच दिसले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचा स्क्रू फिरवून घोडी मागं घ्यायची, उतरा असेल तर पुढं. मानेतल्या लोखंडी रॉडला मात्र हात लावू नकोस. तो पाव वळशापेक्षा जास्त एका दिवसात फिरवायचा नसतो आणि तू फिरवशील. ते मी करून देतो.

सुराचं. गाणं काळी दोनमध्ये आहे. बेसची सर्वांत खालची तार ई, आणि तुझा षड्ज तिच्याहून अर्ध्या सुरानं खाली. म्हणजे खालचा षड्ज गिटारवर नाहीच, तो वरच्या सप्तकात घ्यावा लागेल आणि धृपद पोकळ वाटेल. त्यापेक्षा चारही तारा अर्धा सूर उतरव. मग उघडी जाड तारच तुझा षड्ज होते, साधारण ३९ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेसारखी गाण्याखाली पसरते. तारा सैल होतील, हात हलका ठेव. आणि ट्यूनर लावण्याआधी पेटी ऐक. ती तुझ्या आजोबांची पेटी आहे, ती ४४०च्या हिशेबात असेलच असं नाही. आधी तिचा ए ट्यूनरवर बघ, ट्यूनरचा आकडा त्याप्रमाणे बदल आणि मग बेस लाव. पेटी हलत नाही, म्हणून बेसनं तिच्याकडं जायचं.

आता घरातला मोठा शत्रू. गाताना तुला कुकरच्या शिट्टीची, कोकिळेची, वरच्या मजल्यावरच्या मुलांची भीती असते. बेस थेट वायरनं जातो, त्यामुळं त्याला यातलं काहीच ऐकू येत नाही. भर दुपारी, घरात पाहुणे असताना रेकॉर्ड कर. पण पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. तिला घरातली सगळी वीज ऐकू येते. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची. आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी किती? ४९ हर्ट्झ. हे दोन आकडे शेजारी-शेजारी आहेत हे मला फार महागात पडून कळलं. एका स्टुडिओत गाणं भरत होतो, शेवटचा सूर जी, आठ मात्रा धरून ठेवायचा. स्पीकरवर तो सूर दर सेकंदाला एकदा फुगत आणि बसत होता. सगळे माझ्या हाताला दोष देत होते आणि मीही देत होतो. चार वेळा सगळा वाद्यवृंद पुन्हा वाजला. शेवटी सरांनी मला न वाजवता नुसतं उभं राहायला सांगितलं, आणि शांततेत तो बारीक गुणगुणाट ऐकू आला. ५० आणि ४९, फरक एकाचा, म्हणून सेकंदाला एक धडधड. हात चांगला होता, भिंतीतलं अर्थिंग खराब होतं.

तेव्हा घरी सर्वांत आधी जी धरून ऐक. आपण अर्धा सूर उतरवणार आहोत, म्हणून या तपासणीपुरती तार ई वरच ठेव. जी एक मिनिट पुन्हा-पुन्हा वाजव, हेडफोन कानाला. धडधड आली तर शोधाला लाग. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालव, निम्म्या घरांत तिथंच प्रश्न सुटतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असला की करकर टाकतो. पंखा पूर्ण वेगावर तरी ठेव नाहीतर बंद कर. मोबाइल दुसऱ्या खोलीत. एलईडीचे स्वस्त दिवे बंद करून बघ. मग खुर्चीवर बसल्या-बसल्या हळूहळू गोल फिर. एका दिशेला गुणगुण कमी होईल, त्या दिशेला तोंड करून वाजव, भले भिंतीकडं का असेना. तारांना हात लावल्यावर आवाज थांबत असेल तर गिटार बरी आहे, अर्थिंग तपास. आणि कुणीही काहीही सांगो, तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडायची नाही. गुणगुण जाते म्हणून लोक तोडतात. त्या पिनेवर तुझा जीव असतो, कारण तुझी बोटं धातूच्या तारांवर असतात. इलेक्ट्रिशियनला बोलाव, सॉकेट दुरुस्त करून घे, ते पैसे मी देतो.

नंतर सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्झ कापून काढू असं मनात आणू नकोस. त्याच्याबरोबर तुझा जी कापला जाईल. अमेरिकन लोक शिकवताना ६० हर्ट्झ कापायला सांगतात, कारण तिकडची वीज ६०ची. इकडं त्यानं गुणगुण जाणार नाही आणि सूर मात्र पातळ होतील.

साउंड कार्डावर दोन-तीन प्रकारची भोकं किंवा एक बटण असेल. इन्स्ट्रुमेंट, गिटार किंवा हाय-झेड असं लिहिलेलं निवड. माझी गिटार पॅसिव्ह आहे, तिच्यात बॅटरी नाही. तिच्या पिकअपला पुढं साधारण १० लाख ओमचा अडसर लागतो. लाइन इनपुटला तो साधारण १० हजारच असतो. तिथं लावलीस तर पिकअपवर ओझं येतं, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो, आणि तू बिचाऱ्या तारांना दोष देशील. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेव आणि सर्वांत जोराचा सूर उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल एवढीच पातळी उघड. टेपच्या काळात आम्ही काटा लाल रेघेपर्यंत न्यायचो, कारण खाली टेपची सरसर असायची. २४ बिटला ती गरज उरलेली नाही. लाल दिवा एकदा जरी लागला तरी तो टेक पुसून टाक, तो सूर परत येत नाही.

उशिराचा प्रश्न तू फोनवर विचारला होतास. छेडलेला सूर हेडफोनमध्ये जरा मागून येतो म्हणून हात अडखळतो. बफर १२८ वर आणि सॅम्पल रेट ४८ हजारावर ठेवलास तर एका फेरीला पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत लागतात; जाणं, येणं आणि मधली मशिनरी धरून तेवढ्याचे तिप्पट होतात असं समज. गणपतीत स्टेजवर माझा अँप दहा फूट मागे असायचा. आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर चालतो, म्हणजे मला माझाच बेस नऊ मिलिसेकंदांनी उशिरा ऐकू यायचा, आणि दहा दिवस दहा मंडळांत तसंच वाजवलं. एवढ्याची हाताला सवय होते. त्याहून जास्त असेल तर साउंड कार्डाचं डायरेक्ट मॉनिटर बटण दाब, म्हणजे संगणकात न जाता आवाज सरळ कानात येतो. आणखी एक तपासणी मात्र नक्की कर. साउंड कार्डाच्या आउटपुटमधून वायर काढून त्याच्याच इनपुटला लाव, क्लिक वाजव आणि रेकॉर्ड कर. नवी क्लिक जुनीच्या बरोबर खाली पडली नाही, तर सॉफ्टवेअर तुझे सगळे टेक सरकवून ठेवतंय. सेटिंगमध्ये तो फरक एकदा भर. नाहीतर तू आयुष्यभर स्वतःला लयीत कच्ची समजत राहशील.

वाजवताना पडद्याकडं बघू नकोस. सर्वांत खालच्या ई सुराचं एक आंदोलन पुरं व्हायलाच २४ मिलिसेकंद लागतात. त्यामुळं लाटेचं चित्र रेघेच्या नंतर फुगलेलं दिसतं आणि सूर उशिरा आलाय असं वाटतं. चित्र बघून सूर पुढं ओढलेस की कानाला ते घाईचं ऐकू येतं. माझा नियम असा होता: टेक झाला की दिवा बंद, डोळे मिटून ऐकायचं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना जिथं अंग अडखळलं तेवढंच पुन्हा वाजवायचं. पुन्हा वाजवताना चुकलेल्या सुरापासून सुरुवात करू नकोस. दोन आवर्तनं आधीपासून सोबत वाजवत ये, आणि जोड नेहमी विश्रांतीच्या जागी घे. वाहत्या सुराच्या मधोमध जोडलेला तुकडा शिवणीसारखा टोचतो.

एका बैठकीत तीन टेक. चौथ्याला हात बरोबर आणि मन कोरडं असतं. तीन झाले की चहा कर, गॅलरीत उभी राहा, संध्याकाळी पुन्हा बस.

आता ढोलकी. तुझ्या गाण्यात ड्रमसेट नाही, हे बेससाठी चांगलंही आहे आणि कठीणही. किक ड्रम एक ठोका देऊन गप्प होतो. ढोलकीची खर्जाची बाजू आणि तबल्याचा डग्गा ठोक्यानंतर सरकतात. तळहाताच्या दाबानं सूर खालून वर जातो, घिस्सा म्हणतात तो. ज्या क्षणी डग्गा सरकत असतो त्या क्षणी बेसनं लांब सूर धरला तर दोघांचं भांडण होतं, आणि ऐकणाऱ्याला फक्त गढूळ वाटतं, कारण सांगता येत नाही. इथं उपाय बेसवाल्यानंच करायचा. त्या मुलाचा ट्रॅक एकटा लाव आणि कागदावर मात्रा लिही. जिथं तो घिस्सा घेतो तिथं खूण कर. त्या मात्रेआधी तुझा सूर संपलेला असला पाहिजे. जिथं तो नुसती चाट वाजवतो, म्हणजे आवाज पातळ असतो, तिथं तू सूर लांबव. सम दोघांनी मिळून घ्यावी, पण तुझी त्याच्यापेक्षा अगदी किंचित मागून, बसल्यासारखी. इंग्रजी बेसच्या पुस्तकांत किकबरोबर वाजवा एवढंच सापडेल. डग्ग्याबरोबर वाजवायचं ते मला तबलजींच्या शेजारी बसून शिकावं लागलं, आणि तुला तर तो मुलगा शेजारच्याच इमारतीत आहे. त्याला बोलाव, समोरासमोर बसा, हेडफोनशिवाय दहा वेळा धृपद वाजवा. मग रेकॉर्ड कर.

नंतरच्या कामाबद्दल थोडंच सांगतो, ते तुला माझ्याहून जास्त येतं. कोरा ट्रॅक जसाच्या तसा एक प्रत काढून ठेव. अँपचा आवाज, खरखर, जे काय लावायचं ते दुसऱ्या प्रतीवर. नॉइज गेट बेसवर लावू नकोस, ते सुरांची शेपूट खातं, आणि आपण एवढा वेळ शेपटीसाठीच घालवला. कंप्रेसर लाव, चारास एक, पण त्याला सुरुवातीचा ठोका जाऊ दे, अटॅक तीसेक मिलिसेकंद ठेव. कंप्रेसर मोठे सूर दाबतो आणि मग सगळं वर उचलतो, म्हणजे सुराचा शेवटही मोठा होतो. हातानं जिथं आळस केला असशील तिथं तो चव्हाट्यावर येईल. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाक, तिथं फक्त हात आपटल्याचे धक्के असतात.

तुझी खोली दहा बाय बारा. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकून घुमतो, आणि ए सूर आहे ५५चा. त्यामुळं तुझ्या स्पीकरवर ए नेहमी इतर सुरांपेक्षा मोठा वाटेल, कोपऱ्यात तर फारच, आणि खोलीच्या मधोमध तोच हरवेल. खोलीवर विश्वास ठेवून ए कमी केलास तर इतरांच्या घरी तो सूर गायब होईल. बेसची पातळी हेडफोनवर ठरव. मग मोबाइलच्या स्पीकरवर ऐक, कारण तुझे श्रोते तिथंच ऐकणार. त्या एवढ्याशा स्पीकरमधून ५५ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. पण ११०, १६५, २२० हे त्याचे वरचे स्वर पडतात, आणि कान त्यांच्यावरून खालचा सूर मनात भरून घेतो. म्हणून प्रतीवर थोडी उबदार खरखर घाल, जेणेकरून ते वरचे स्वर ठळक होतील. एवढीच, की एकट्या ट्रॅकवर जाणवेल आणि गाण्यात जाणवणार नाही.

एक मनातलं. जेमर्सननं इतकी गाणी वाजवली, पण वर्षानुवर्षं मोटाउनच्या रेकॉर्डवर त्याचं नाव नव्हतं. ते आलं १९७१मध्ये, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर. आपल्याकडच्या फिल्मी वादकांचंही तेच झालं. माझ्या सरांनी वाजवलेली गाणी मी ओळखतो ती हातावरून, कागदावर त्यांचं नाव सापडत नाही. आणि त्याच मुंबईत चरणजित सिंग होते, फिल्मी गाण्यांत वाजवणारे. १९८२मध्ये त्यांनी रोलँडची टीबी-३०३ नावाची पेटी घेऊन दहा रागांची तबकडी काढली. ती पेटी मुळात बेसवादकाच्या जागी वापरायला म्हणून जपानमध्ये बनवलेली. तिच्यात एका सुरातून दुसऱ्यात घसरत जायची सोय होती. त्यांनी ती रागांसाठी कामाला लावली. यंत्रातला बेस वाईट असतो असं मी म्हणत नाहीच. त्यांनी यंत्राकडूनही सूर सुटण्याची तऱ्हा काढून घेतली. तेव्हा तुझ्या फाइलमध्ये, गाण्याच्या नावाखाली, ढोलकीवाल्या मुलाचं पूर्ण नाव लिही. गाण्यातली पेटी कुणाची, तेही लिही. बेस वाजवणारीचं नाव लिहायला लाजू नकोस.

शनिवारी येताना लॅपटॉप, साउंड कार्ड आणि ते दोन्ही हेडफोन घेऊनच ये. स्पंज माझ्याकडं आहे. गिटार इथंच वायरला लावू आणि जी धरून एक मिनिट ऐकू. माझ्याकडं धडधडला नाही आणि तुझ्या घरी धडधडला, तर रविवारी मी इलेक्ट्रिशियनला घेऊन येतो.